हौशी

अमेरिकेच्या महिला ओपन गोल्फ स्पर्धेच्या विजेत्यांची यादी 1946 पासूनची आहे. त्या अख्ख्या यादीत एकाच नावापुढे ‘हौशी’ असा शेरा आहे. 1967 साल, कॅथरिन लाकोस्त, फ्रान्स. बाकी सगळ्या व्यावसायिक, खेळावर पोट असलेल्या. तिच्या आधी कुणा हौशी बाईला ते जमलं नव्हतं आणि तिच्यानंतर आजतागायत जमलेलं नाही.

आपल्याकडे हौशी म्हटलं की सूर जरा खालचा लागतो. हौशे, नवशे, गवशे असं एका दमात म्हणून टाकतो आपण. हौस म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं काहीतरी डोक्यात बसलेलं असतं. म्हणूनच या बाईबद्दल लिहावंसं वाटलं. तिच्याबद्दल जे काही बोललं जातं, त्यातल्या एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. त्याकडे येतेच.

आधी तिचं घर. वडील रेने लाकोस्त, टेनिसमधलं मोठं नाव. एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदं. लाकोस्त कंपनीच्या शर्टावरची ती हिरवी मगर त्यांचीच. आई सिमोन स्वतः गोल्फची चॅम्पियन. 1927 साली उत्तर आयर्लंडमधल्या रॉयल काउंटी डाउनच्या मैदानावर ब्रिटिश महिला हौशी स्पर्धा तिनं जिंकली होती. फ्रान्सच्या नैर्ऋत्य टोकाला सँ-झां-द-ल्यूझ नावाचं गाव आहे. त्याच्याजवळचा शांताकोचा गोल्फ कोर्स आईच्या वडिलांनी उभा केलेला. कॅथरिन तिथेच खेळायला शिकली. म्हणजे आजोबांनी मैदान केलं, आईनं खेळ दाखवला, आणि सरावाची शिस्त काय असते ते वडिलांकडे बघूनच कळत असणार. 1964 साली महिलांची जागतिक हौशी सांघिक स्पर्धा पहिल्यांदा भरली, तीही फ्रान्समध्येच. फ्रान्सनं ती जिंकली तेव्हा ही पोरगी संघात होती. वय 19.

तीन वर्षांनी ती अमेरिकेत ओपन खेळायला गेली. व्हर्जिनियातलं हॉट स्प्रिंग्ज, डोंगरातला कॅस्केड्स कोर्स. आई-वडील सोबत नव्हते. स्पर्धा सुरू होण्याच्या दोनच दिवस आधी तिला 22 पूर्ण झाली होती. चार दिवस, रोज 18 होल, म्हणजे चेंडू घालायचे 18 खळगे. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो पुढे. पहिल्या दिवशी 71, दुसऱ्या दिवशी 70, तिसऱ्या दिवशी 74. शेवटच्या सकाळी तिच्याकडे पाच फटक्यांची आघाडी होती.

आणि मग ती निसटायला लागली. ज्यांनी कुठलाही खेळ मनापासून खेळलाय त्यांना हे माहीत असतं. हात तेच असतात, तरी चेंडू आपला राहत नाही. एकेक फटका जास्तीचा पडत जातो, मागच्या जवळ येत जातात आणि पुढचा होल संपता संपत नाही. टेनिसमध्ये निदान समोर कुणीतरी असतं, राग तरी काढता येतो. इथे स्वतःशीच भांडायचं. त्या दिवशी तिचे 79 फटके झाले, चार दिवसांतला सगळ्यात वाईट खेळ. पण त्याच 79 मध्ये सतरावा होल आहे. आघाडी जवळजवळ संपलेली, दोनच होल उरलेले, अशा वेळी तिनं तिथे बर्डी मारली. म्हणजे त्या होलला ठरवून दिलेल्या फटक्यांपेक्षा एक कमी. एकूण 294, दोन फटक्यांनी विजय. तारीख होती 2 जुलै. त्याच दिवशी तिकडे फ्रान्समध्ये तिच्या वडिलांचा त्रेसष्टावा वाढदिवस होता.

बक्षिसाच्या रकमेवर तिचा हक्क नव्हता. हौशी खेळाडूला ती घेता येत नव्हती, तेव्हाचा नियमच होता. चषक घेतला आणि घरी आली.

1969 साल तर मला त्याहूनही मोठं वाटतं. एकाच वर्षात फ्रान्स, स्पेन, ब्रिटन आणि अमेरिका, चारही देशांची महिला हौशी विजेतेपदं. ब्रिटिश स्पर्धा त्या वर्षी रॉयल पोर्टरशला होती, पुन्हा उत्तर आयर्लंडमध्येच. आईनं जिंकली त्याला 42 वर्षं झाली होती. तोच मान, तोच प्रदेश, आणि आता मुलगी. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला, खरंच आला.

पुढच्याच वर्षी, 1970 मध्ये, तिनं लग्न केलं आणि ती स्पेनला राहायला गेली. चार मुलं झाली. व्यावसायिक ती कधीच झाली नाही.

आता रागाची गोष्ट. तिची कहाणी सांगणारे इथे पोहोचले की दोनच वाटा धरतात. एक तर हळहळ, की काय खेळाडू होती, लग्न केलं आणि सगळं गेलं. नाहीतर आरती, की घरासाठी केवढा त्याग केला. मला दोन्ही खोटं वाटतं. दोन्हीत घर एका पारड्यात आणि खेळ दुसऱ्या पारड्यात घालून ठेवलेला आहे. ज्या बाईला खेळ मिळाला तोच मुळी घरातून, तिच्या बाबतीत हे तोलणार कसं?

आणि ‘सगळं गेलं’ हेही खरं नाही. लग्नानंतर 1972 मध्ये ती फ्रान्सची विजेती झाली, स्पेनचीही झाली. 1976 मध्ये पुन्हा स्पेनची. पुढे वर्षानुवर्षं शांताकोच्या क्लबचं अध्यक्षपद तिनं सांभाळलं, आजोबांनी उभ्या केलेल्या त्याच कोर्सचं. जगभरच्या स्पर्धा कमी झाल्या, हे खरं. पण हे सुटणं म्हणायचं का?

अमेरिकेचा गोल्फर बॉबी जोन्स घ्या. मोठ्या स्पर्धा जिंकत होता तोवर तोही हौशीच. 1930 साली त्या काळच्या चारही मोठ्या स्पर्धा एका वर्षात जिंकल्या आणि 28 व्या वर्षी स्पर्धा थांबवल्या. बायको-मुलं होती, वकिली होती. त्याच्याबद्दल कुणी म्हणतं का, की संसारात अडकला बिचारा? त्याला शहाणपण म्हणतात, शिखरावर असताना थांबणं म्हणतात. खुद्द कॅथरिनचे वडील 1929 मध्ये शेवटचं फ्रेंच विजेतेपद जिंकले तेव्हा 24 वर्षांचे होते. त्यानंतर तब्येतीमुळे टेनिसमधून जवळजवळ बाहेरच पडले. पुढे शर्टाचा धंदा केला, रॅकेटवर प्रयोग केले. त्यांच्या आयुष्याला आपण पुढचा अध्याय म्हणतो. मुलीच्या बाबतीत मात्र तिथेच पुस्तक मिटतो. हा दुजाभाव आहे आणि तो चांगली चांगली, खेळावर प्रेम करणारी माणसं करतात, म्हणून जास्त टोचतो.

एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण हौस पोसायला लागतो तो पैसा असतोच. लाकोस्त घराण्यात तो होता. बक्षिसाची रक्कम न मिळाल्यानं कॅथरिनचं काही अडलं नाही. ज्या मुलीला त्या रकमेवर घरभाडं भरायचं असेल, तिला हौशी राहा असं सांगायची माझी हिंमत नाही. व्यावसायिक होणं यात काडीचाही कमीपणा नाही, आणि कित्येकींना तोच एक रस्ता खुला असतो. माझं म्हणणं एवढंच की जिला निवड होती तिनं निवड केली. ती निवड होती असं आपण मोकळेपणानं का म्हणत नाही? त्याग म्हटलं की बाईला मखरात बसवता येतं आणि हळहळलं की तिची कीव करता येते. तिला स्वतःला काय हवं होतं, हे विचारायचं तेवढं राहून जातं.

हे सगळं मला इतकं लागतं त्याला कारण माझी आत्या. राज्य पातळीवर टेबल टेनिस खेळलेली. लग्न झालं, दोन मुलं झाली, स्पर्धा थांबल्या. आमच्या नात्यात कुठलंही कार्य असलं की कुणीतरी तिच्यासमोरच म्हणतं, हिनं घरासाठी खेळ सोडला हो. मीही म्हटलंय. एकदा तर शाळेच्या निबंधात लिहिलं होतं आणि मोठ्या अभिमानानं तिला वाचून दाखवलं होतं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘सोडला कुठे गं, रविवारी जाते की खेळायला.’’ तेव्हा मला वाटलं, दुःख लपवतेय. आता वाटतं की ती साधं खरं तेच सांगत होती आणि ऐकायला कुणी तयार नव्हतं. तिचे हात बघितले असते तरी कळलं असतं. पुठ्ठ्याचा तुकडा, वही, कुठलीही चपटी वस्तू उचलली की अंगठा एका बाजूला आणि तर्जनी मागच्या बाजूला सरळ, बॅटची पकड. वयाच्या 61 व्या वर्षीही.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेले होते तेव्हा कॅथरिनची ही सगळी गोष्ट तिला सांगितली. बॉबी जोन्स सांगितला, ती हळहळ आणि त्या आरत्या, माझा राग, सगळं. तिनं मध्ये एकदाही तोंड उघडलं नाही. माझं संपल्यावर चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, ‘‘ते असू दे. पाचाची आघाडी गेल्यावर सतराव्याला ती काय खेळली, ते परत सांग.’’