साखर, मीठ आणि १८० अंश

पाककृतीच्या नावाआधी 'पाच मिनिटांत' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकदा माझ्या शेगडीसमोर उभं करावं अशी माझी फार इच्छा आहे. पॉपकॉर्न पाच मिनिटांत होतात, मान्य. साधे होतात. तेल, दाणे, झाकण, वरून मीठ, विषय संपला. पण गोड-खारे? वर साखरेचा पातळ कुरकुरीत थर, आणि दाताखाली तो मोडला की मागून हळूच येणारं मीठ? ते पाच मिनिटांत होतात म्हणणं म्हणजे मूल पाच मिनिटांत जन्मतं म्हणण्यासारखं आहे. शेवटची पाच मिनिटं लागतात, त्याबद्दल तक्रार नाही.

आमच्याकडे थोरल्याला खारे लागतात, धाकटीला गोड. सरळ दोन पातेली करावीत, दोघांच्या हातात दोन वाडगे द्यावेत आणि सिनेमा लावावा. पण नवऱ्याने कुठेतरी वाचलं की गोड आणि खारट एकत्र आले की दोन्ही चवी खुलतात. मीठ कडवटपणा दाबतं, कडवटपणा दबला की गोडी वर येते. हे शास्त्र अगदी बरोबर आहे, आणि म्हणूनच मला त्याचा राग येतो. चुकीचं असतं तर तिथल्या तिथे मोडीत काढता आलं असतं.

नवरा स्वयंपाकघरात काही करत नाही असं कोणी म्हणू नये. तो ओट्याला टेकून उभा राहतो आणि फोनमधून वाचून दाखवतो.

"१८० अंश," तो म्हणाला.

मी तेव्हा दोन फडक्यांत पातेल्याचे कान धरून, अंगठ्यांनी झाकण दाबून, ते गदागदा हलवत होते. "काय १८० अंश?"

"दाणा १८० अंश सेल्सिअसला फुटतो. दोन फ्रेंच संशोधकांनी मोजलंय, २०१५ मध्ये छापून आलंय. १७० ला जेमतेम एक तृतीयांश दाणे फुटले, १८० ला शंभरातले ९६."

"आणि साखर?"

इथे थोडा वेळ नुसतं बोट सरकल्याचं दिसलं. "साखर १६०-१७० पासून रंग बदलायला लागते. १९० च्या पुढे गेली की कडू."

या पदार्थाची सगळी रडकथा या दोन आकड्यांत आहे, आणि एकाही पाककृतीत ती लिहिलेली नसते. दाणा म्हणतो, १८० च्या खाली मी जागचा हलणार नाही. साखर म्हणते, १८० ला मला बसवून ठेवाल तर मी सगळ्यांचं वाटोळं करीन. दोघांना एकाच पातेल्यात, एकाच वेळी नांदवायचंय आणि मधली जागा काय, तर दहा अंश. माझ्या शेगडीच्या बटणावर तर अंशच नाहीत. तिथे मोठा, बारीक आणि बंद एवढंच कळतं. मधलं सगळं माझ्या मनगटावर आणि नशिबावर.

त्यात दाण्याची बाजू ऐकली की त्याला दोषही देववत नाही. त्याच्या पोटात वजनाच्या सुमारे १४ टक्के पाणी असतं. बाहेरून कवच घट्ट, वाफेला वाट नाही. पाणी शंभर अंश ओलांडून जातं तरी कोंडलेलंच, आतला स्टार्च शिजून लिबलिबीत होतो, दाब बाहेरच्या हवेच्या नऊ-दहा पट होतो आणि मग एका क्षणी कवच हार मानतं. आतलं सगळं फेस होऊन बाहेर पडतं आणि बाहेरच्या हवेत जागच्या जागी थिजतं. नवऱ्याने हे वाचून दाखवलं तेव्हा मला त्या दाण्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. चारी बाजूंनी ताप, आत कोंडमारा आणि बाहेरून कोणीतरी विचारतंय, "झालं का गं?"

असो. सुरुवात शितावरून भाताची परीक्षा घेण्यापासून होते. तेल तापत ठेवायचं, त्यात तीनच दाणे टाकायचे आणि वाट पाहायची. हे तीन दाणे म्हणजे जगातले सर्वांत आळशी तीन दाणे असतात. पहिला फुटतो, दुसरा फुटतो, तिसरा तेलात गोल गोल फिरत बसतो. त्याच्यासाठी थांबायचं नाही. तो गणंगच निघणार आहे. कवचाला कुठेतरी बारीक चीर असली की वाफ आधीच निसटून जाते, किंवा दाणा जुना होऊन आतून सुकलेला असतो. पाणी नाही तर वाफ नाही, वाफ नाही तर स्फोट नाही. सुकलेल्या दाण्यांवर उपायही आहे. घट्ट झाकणाच्या बरणीत तीनेक वाट्या दाण्यांवर मोठा चमचाभर पाणी शिंपडायचं आणि अधूनमधून बरणी हलवत दोन-तीन दिवस ठेवायचं. पण मुलं सोफ्यावर बसून "आई, सुरू करू का?" असं ओरडत असताना "थांबा, दाणे मुरतायत, परवा बघू" असं सांगण्याचं धाडस माझ्यात नाही.

मग साखर केव्हा घालायची, यावरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, दाण्यांबरोबरच घाला. दुसरा म्हणतो, पहिले चार-दोन फुटले की घाला. पहिल्या पंथाची माणसं बहुधा दुसऱ्याच्या पातेल्यात करतात. दाणे तापायला वेळ घेतात, तोवर साखर तळाशी बसून काळी व्हायला मोकळी. मी दुसऱ्या पंथाची. अर्धी वाटी दाणे, तीन मोठे चमचे तेल आणि तेवढीच साखर, अर्धा छोटा चमचा मीठ. साखर आधीच एका वाटीत मोजून हाताशी हवी. त्या घडीला डबा उघडून चमचा शोधायला वेळ नसतो.

दुसऱ्या पंथाचीही एक अडचण आहे, आणि ती कपाळावर येते. साखर घालायला झाकण उघडावं लागतं, आणि झाकण उघडायचं तेव्हाच नेमके दाणे उडायला लागलेले असतात. झाकण ढालीसारखं पुढे धरून, फटीतून वाटी आत सारून, साखर एका दमात सोडायची. पहिल्या वेळी माझ्या चष्म्यावर टणकन एक दाणा बसला. चष्मा नसणाऱ्यांनी हा पदार्थ कसा करायचा, मला सांगता येणार नाही.

साखर आत गेली की हलवणं. जोर लावून, न थांबता. फुललेले हलके होऊन वर येतात. न फुटलेले दाणे आणि साखर खाली जातात. म्हणजे सगळ्यात जळकी जागा आणि सगळ्यात जळकी वस्तू यांची गाठ आपोआप पडते. दंड भरून येतात, झाकणाच्या फटीतून वाफ मनगटावर येते. पण ती फट बंद करायची नाही, वाफ आत राहिली तर पॉपकॉर्न चिवट होतात आणि मग इतका जीव काढून हाती काय, तर गोड रबर.

आणि नाक उघडं ठेवायचं. डोळ्यांचा इथे उपयोग नाही, झाकण स्टीलचं आहे. आधी नुसता तेलाचा वास. मग मक्याचा, भाजलेल्या पिठासारखा. मग कोपऱ्यातून काहीतरी खमंग येतं आणि वाटतं, वा, जमलं. या 'वा'नंतर साधारण एक शिंक होईल एवढा वेळ तुमच्याकडे असतो. त्यानंतर नाकात चरचर सुरू झाली की साखर गेली.

"गंमत म्हणजे तो 'फट्' आवाज कवच फाटण्याचा नसतोच," ओट्याकडून माहिती आली. "आतली वाफ सुटते ना, तिचा असतो."

"कशाचाही असो, तू दोन आवाजांमधलं अंतर मोज."

"दोन सेकंद झाले की बंद करायचं म्हणे."

साध्या पॉपकॉर्नला दोन सेकंद, अगदी बरोबर. पण साखर घातलेल्यांना तेवढं थांबलं तर संपलं. इथे आवाज विरळ व्हायला लागला, सेकंदाचं अंतर पडलं, की गॅस बंद आणि पातेलं उपडं. आत मूठभर गणंग राहतील, राहू द्या. उरलेल्या दहा दाण्यांच्या आशेने फुललेल्या चारशेंना जाळायचं, हा हिशेब मला कधीच पटलेला नाही. पण घरात कोणीतरी "अजून फुटतायत!" म्हणून ओरडतंच. त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही.

पातेलं मोठ्या ताटात उपडं केलं की खरी तारांबळ. साखर अजून मऊ आहे, म्हणून मीठ आत्ताच. साखर कडक झाली की मीठ चिकटणार नाही, घरंगळत ताटाच्या तळाशी जाईल आणि शेवटचा घास घेणाऱ्याचा सूड घेईल. बरं, नेहमीचं मीठ इथे चालत नाही. त्याचे चौकोनी खडे फुललेल्या दाण्यावर टेकतच नाहीत. मिक्सरमधून फिरवून पिठासारखं करून घ्यावं लागतं, तेही आधी. त्याच वेळी दोन चमच्यांनी गुठळ्या सोडवायच्या. त्याच वेळी मुलांचे हात ताटापासून लांब ठेवायचे, आणि ही मात्र चेष्टा नाही. उकळतं पाणी हातावर सांडलं तर निदान ओघळून जातं. वितळलेली साखर पाण्याहून कितीतरी जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. मुलांना या वेळी स्वयंपाकघरात येऊच देऊ नये. नवऱ्यालाही.

नणंदेने फोनवर सांगितलं, "वहिनी, तेलाऐवजी लोणी घाल, काय चव येते!" लोण्यात १५-१६ टक्के पाणी असतं आणि दुधाचे कण असतात. ते कण १८० अंशांच्या बरेच आधी करपतात. आणि वरून ओतलं तर त्यातल्या पाण्याने कुरकुरीत पॉपकॉर्न आक्रसून जातात. लोणी कढवून तूप केलं तर चालतं, कारण पाणीही जातं आणि कणही. हे सगळं मी तिला सांगितलं नाही. "हो, बघते," म्हटलं. नणंदेशी असंच बोलायचं असतं.

एक तर हे काम पुरातन आहे. पेरूच्या किनाऱ्यावर उत्खननात सापडलेल्या मक्याच्या अवशेषांवरून ६,७०० वर्षांपूर्वीची माणसंसुद्धा लाह्या फोडून खात होती असं दिसतं. हे कळल्यावर मला त्यांच्याविषयी मत्सर वाटला. त्यांच्याकडे साखर नव्हती. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात चार्ल्स क्रेटर्स नावाच्या गृहस्थांनी वाफेवर चालणारं पॉपकॉर्नचं यंत्र मांडलं. माझ्याकडे वाफ भरपूर आहे, यंत्र तेवढं नाही.

आता ताटात काय पडलं, ते सांगते. काही पांढरेच राहिलेले, काहींवर सोनेरी झिलई, काही तांबूस, आणि थोडे असे, ज्यांच्याबद्दल बोलू नये. आपण घरी आणतो ते दाणे बहुतेक फुलपाखरासारखे फुलतात, पंख काढून. त्या पंखांच्या टोकांना साखर लागते, खाचांत जात नाही, आणि हलवाहलवीत पंख मोडतात. साखरेचा थर द्यायला छत्रीसारखे गोल फुलणारे दाणे बरे, ते न मोडता सगळीकडून माखतात. पण पाकिटावर हे लिहिलेलं असेलच असं नाही.

चव? उत्तम. खरंच उत्तम. आधी कडकन साखर, मग मका, मग जिभेच्या कडेला मीठ, आणि हात आपोआप परत ताटात. नवऱ्याचं शास्त्र जिंकलं, हे मी मनातल्या मनातच मान्य केलं. वाडगा मुलांपुढे ठेवला आणि कौतुकाची वाट बघत उभी राहिले.

थोरल्याने एक खाल्ला, दुसरा हातात घेऊन उजेडात धरला आणि परत ठेवला. मग धाकटीही तसंच करायला लागली. पाहते तर काय, दोघं मिळून निवडायला बसलेले. सोनेरी तिच्याकडे, पांढरे त्याच्याकडे. तिचे गोड, त्याचे खारे. इतक्या मनापासून या दोघांनी कधी एकत्र अभ्याससुद्धा केलेला नाही. मधे तांबूस रंगाचा एक लहानसा ढीग उरला, तो "बाबांचा".

बाबा तो आवडीने खात होते. मी पातेल्याकडे वळले. तळाशी काळी चकाकणारी तबकडी, आणि तिच्यात जन्मठेप झाल्यासारखे रुतलेले गणंग. घासणी नुसती वरून घसरत होती.

"घासू नकोस!" बाहेरून आवाज आला. "पाणी घालून उकळ. साखर पाण्यात विरघळते."

एवढ्या वेळात फोनमधून आलेली पहिली उपयोगी गोष्ट. पाणी उकळलं, तपकिरी थर खरोखर सुटला, गणंगही तरंगायला लागले. खाली मात्र हातभर पसरलेला काळा डाग तसाच.

"आणि हे काळं?"

"ते आता साखर राहिलं नाही. कार्बन आहे. तो नाही विरघळत."

"मग तो कसा काढायचा?"

"खरवडून," तो म्हणाला, आणि फोन चार्जिंगला लावायला आतल्या खोलीत गेला.