तीच धडक किती वेळा दाखवणार?

विमान अपघातांवरचे माहितीपट बघायला बसलं की माझं डोकंच फिरतं. परवा हरियाणातल्या चरखी दादरीच्या अपघातावरचा लागला होता. १२ नोव्हेंबर १९९६, सौदीचं जम्बो आणि कझाकस्तानचं इल्युशिन ही दोन विमानं हवेत धडकली, ३४९ माणसं गेली. आणि हे दाखवतात काय, तर प्रत्येक जाहिरातीनंतर तीच ॲनिमेशनची धडक, त्याच किंकाळ्या! अरे, त्या माणसांचे नातेवाईक आजही हयात आहेत, ते बघत असतील हे.

खरं सांगण्यासारखं दोन वाक्यांत उरकलं. कझाक विमानात जमिनीवरच्या कंट्रोलरशी बोलायचं काम रेडिओ ऑपरेटरचं, पण त्याच्यासमोर उंची दाखवणारं यंत्रच नव्हतं. वैमानिकांच्या खांद्यावरून डोकावून आकडा वाचायचा. १५,००० फुटांवर थांबायचं होतं, विमान त्याच्याही खाली गेलं. दिल्लीच्या रडारवर उंची दिसत नव्हती, आणि येणाजाणाऱ्या विमानांना मार्गिका एकच. का एकच? कारण बाकीचं आकाश हवाई दलाकडे होतं. यावर अर्धा तास बोला ना! ते नाही. परत स्लो मोशन, परत ढणढण संगीत, परत तोच आगीचा लोळ.