‘दोन्ही पाय मोडले तर सहा तासांत ऑपरेशन’ : हा मेसेज पुढे पाठवू नका

गेल्या महिन्यात वॉर्डात एक मुलगा मोबाइल पुढे धरून रडकुंडीला आला होता. वडिलांच्या दोन्ही मांड्यांची हाडं मोडलेली, आणि मेसेज सांगत होता, “दोन्ही पायांचं ऑपरेशन सहा तासांत, एकदमच झालं पाहिजे. नाहीतर हाड जुळत नाही. डॉक्टर थांबतात ते बिल वाढवायला.”

आधी ‘सहा तास’. हा आकडा १८९८ सालचा. जर्मनीतल्या फ्रीडरिख यांनी गिनीपिगच्या जखमांत बागेतली माती आणि जिन्यावरची धूळ भरून जंतू कधी पसरतात ते पाहिलं. तेव्हा अँटिबायोटिक नव्हतं, आणि प्रश्न हाड जुळण्याचा नव्हताच. आज हाड बाहेर दिसत असेल तर अँटिबायोटिक शक्यतो पहिल्या तासात देतात. जखम शेणामातीची असेल तर धुवायला लगेच घेतात, एरवी साधारण २४ तासांच्या आत.

‘दोन्ही एकदमच’ हे तर जिवावर बेतू शकतं. एका मांडीच्या आत लिटर-दीड लिटर रक्त साचतं, आणि अंगात असतं सारं पाचेक लिटर. त्यात हाडाच्या पोकळीत रॉड घालताना मज्जेतली चरबी रक्तातून फुफ्फुसात जाते. म्हणून आधी लॅक्टेट (शरीराला ऑक्सिजन कमी पडतोय का ते सांगणारी रक्ताची तपासणी), बीपी, श्वास, लघवी बघतात. पेशंट डळमळीत असेल तर बाहेरून फिक्सेटर (हाड तात्पुरतं धरून ठेवणारी सळ्यांची चौकट) लावून आयसीयूत नेतात, रॉड नंतर. हेही ऑपरेशनच आहे. पेशंट सावरलेला असेल तर मात्र पहिल्या २४ तासांत मांडी बसवणं चांगलं. उगाच रखडवलं तर फुफ्फुसाचा त्रास वाढतो, तेव्हा “का थांबलोय?” हे जरूर विचारा.

घोट्याचं वेगळं. कातडी चकचकीत ताणलेली, वर फोड. तिथे चिरलं तर टाके उकलतात, प्लेट उघडी पडते. आठवडा-दोन आठवडे पाय उंचावर ठेवून मी रोज सकाळी कातडीवर सुरकुत्या आल्या का बघते. हाड तेवढ्यात वाया जात नाही.

बिलाचं म्हणाल तर आमच्या सरकारी वॉर्डातही असंच थांबतात.

घड्याळ खरं कुठे धावतं? पाऊल गार, नाडी लागत नाही. किंवा पोटरी दगडासारखी, बोट हलवलं तरी किंकाळी, इंजेक्शननेही कळ थांबत नाही. तेव्हा रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरला हाक मारा. सहा तासांत स्नायू मरतो तो इथे.

त्या बाबांना चौथ्या दिवशी घेतलं. आधी उजवी मांडी. ऑक्सिजन उतरला नाही, म्हणून त्याच भुलीत डावी.