म्हणे तुमचाच हात हलतो!

तीन महिने मी स्वतःच्या नेमाला दोष देत बसलो. तीन महिने!

कुळागरात, म्हणजे आमच्या सुपारीच्या बागेत, मातीच्या बांधाला पुठ्ठा टेकवून दहा मीटरवरून स्प्रिंगच्या एअरगननं, वर दुर्बीण लावून नेमबाजी करतो. पहिल्या आठवड्यात छर्रे नाण्याएवढ्या जागेत पडायचे, मग वीतभर फाकायला लागले. श्वास रोखून पाहिला, बंदूक धरायची तऱ्हा बदलली, छर्र्यांचा डबा बदलला. शेवटी दुर्बीण काढून कानाशी हलवली, तर आत खुळखुळ! नेम धरायची आतली फुली तिरकी झालेली. आणि बंदुकीच्या खाचेवर माउंट, म्हणजे दुर्बीण धरणारी पकड, मागे सरकत गेल्याची खरवडलेली रेघ.

दुकानदार म्हणतो, "भाऊ, तुमचा हात हलतो. वॉरंटी नाही."

अरे, तुम्ही बंदुका विकता ना? स्प्रिंग सुटली की दट्ट्या पुढे धावतो आणि बंदूक मागे येते. दट्ट्या टोकाला थडकला की तीच बंदूक पुढे झटका देते. साधी रायफलची दुर्बीण मागचा धक्का सोसते, हा उलटा झटका तिची भिंगं सैल करतो. म्हणून एअरगनसाठी बांधलेलीच दुर्बीण हवी, आणि माउंटला सरकू न देणारी खीळ हवी. शिवाय तुम्ही माझ्या गळ्यात मारली ती शंभर यार्डांवर जुळवलेली. दहा मीटरवर चित्र धूसर, डोळा केसभर हलला की फुली भलतीकडे! जवळच्या अंतराला जुळवता येणारी का नाही दाखवलीत? मी अंतर सांगितलं होतं, दोनदा.

खरेदीच्या दिवशी तुमचं बोलणं काय चाललं होतं, तर "यानं ससा जागेवर आडवा". १९७२च्या वन्यजीव कायद्यानं ससा मारणं गुन्हा आहे, हे गिऱ्हाइकानं तुम्हाला सांगायचं? विनापरवाना मिळणारी ही बंदूक ४.५ मिमीची, २० ज्यूलच्या आतली. पुठ्ठ्यावर नेम धरण्यासाठी मी ती घेतली, आणि पोरांसमोर तुम्ही शिकारीच्या गप्पा मारता! संताप होतो नुसता.

आता दुर्बिणीशिवाय, नळीवरच्या माशीनंच, म्हणजे टोकाच्या उंचवट्यानंच, नेम धरतो. काल दहातले आठ छर्रे पुन्हा त्या नाण्याएवढ्या जागेत बसले. तो पुठ्ठा जपून ठेवलाय. शनिवारी म्हापशाला जाईन तेव्हा खुळखुळणाऱ्या दुर्बिणीसोबत तुमच्याच काउंटरवर ठेवणार आहे.