अर्थची वायर आधी परत जोडा, भाऊ

नमस्कार भाऊ. तुम्ही माझ्या दुकानाच्या अ‍ॅम्प्लिफायर किटला दोन स्टार दिले आणि लिहिलं, की किटमध्ये दातेरी वॉशर, थिंबल (वायरीच्या टोकाला लावायचं धातूचं कडं), फायबरचे वॉशर, एक जास्तीचा ब्रिज (चार डायोडचा एकत्र तुकडा; डायोड करंट एकाच दिशेने जाऊ देतो) असं भंगार निघालं. कॅबिनेटला अर्थ जोडली की स्पीकर घूं करतो. गावातल्या मेकॅनिकने अर्थची वायर कापली तेव्हा आवाज साफ झाला. सेट सामुदायिक प्रार्थनेसाठी मंदिरात लावला आहे, असंही लिहिलं.

स्टारचं राहू द्या. त्या कापलेल्या वायरीने माझ्या जिवाला घोर लागला आहे. हे वाचताच सेटचा प्लग बोर्डातून काढा.

आत २३० व्होल्ट येतात. फेजची वायर सैल होऊन पत्र्याला टेकली आणि अर्थ नसली, तर अख्खं कॅबिनेट करंट धरून बसतं. माइकच्या केबलची जाळी (आतल्या तारेभोवतीचं धातूचं विणलेलं वेष्टन) त्याच कॅबिनेटपर्यंत पोचते. म्हणजे करंट माइकच्या लोखंडी अंगावर, आणि माइक धरणारा अनवाणी, धुतलेल्या फरशीवर. त्यात आपली काळी माती उन्हाळ्यात फाटते, अर्थिंगच्या खड्ड्यातली ओल जाते; मग अर्थ असूनही फ्यूज उडेलच असं नाही. वायरमनकडून खड्डा तपासून घ्या आणि बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) बसवा. मंदिरात तर हवीच.

आता घूं आवाजाचं. तुमच्या मिक्सरलाही तीन पिनांचा प्लग असणार. दोन्ही यंत्रांची अर्थ बोर्डात एक होते, आणि ऑडिओ केबलची जाळी त्यांना पुन्हा दुसऱ्या वाटेने जोडते. या वेटोळ्यात ५० हर्ट्झचा करंट फिरतो, तोच स्पीकरमधून ऐकू येतो. वायर कापली, वेटोळं तुटलं. मेकॅनिकने रोग बरोबर ओळखला, कापलं मात्र भलत्या जागी.

वेटोळं तोडायची खरी जागा आत आहे, आणि ज्याला तुम्ही भंगार म्हणता ते त्यासाठीच दिलं आहे. फायबरचे वॉशर आरसीए सॉकेटला (ऑडिओ केबल जिथे खुपसता त्याला) दोन्ही बाजूंनी लावा, म्हणजे सॉकेट पत्र्याला टेकणार नाही. जास्तीच्या ब्रिजचे प्लस आणि मायनस एकमेकांना जोडा. त्याच्या एसीच्या दोन टोकांपैकी एक सप्लायच्या शून्य व्होल्टच्या मुख्य बिंदूला, दुसरं कॅबिनेटला. त्या दोन टोकांवर १० ओहमचा रेझिस्टर. वेटोळ्याचं बारीक व्होल्टेज डायोड उघडू शकत नाही, म्हणून घूं दबतो. मोठा फॉल्ट आला तर तेच डायोड सगळा करंट अर्थकडे नेतात. शून्य व्होल्ट आणि पत्रा यांची गाठ एवढ्या एकाच ठिकाणी पडली पाहिजे.

प्लगची हिरवी वायर मात्र थेट पत्र्याला, मध्ये काहीही नको. कॅबिनेटवरचं पावडर कोटिंग करंट जाऊ देत नाही, म्हणून बोल्टभोवती पॉलिश पेपरने घासून चकाकतं लोखंड काढा. मग थिंबल, त्यावर दातेरी वॉशर, नट घट्ट, वर दुसरा नट. वॉशरचे दात थिंबलमध्ये आणि नटमध्ये रुततात, हादऱ्याने जोड सैल होत नाही. हा बोल्ट फक्त अर्थचाच ठेवा. ट्रान्सफॉर्मरच्या किंवा झाकणाच्या स्क्रूवर काम भागवू नका. (गोल ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या बोल्टचं वरचं टोक झाकणाला टेकू देऊ नका. टेकलं तर तो वाइंडिंगचा शॉर्ट झालेला वेढा होतो आणि ट्रान्सफॉर्मर तापून जळतो.)

शेवटी प्लग बाहेर ठेवूनच मीटरने पाहा: प्लगची मोठी पिन आणि कॅबिनेटचं उघडं लोखंड यांत बीप वाजलं पाहिजे, रीडिंग शून्याजवळ.

जमत नसेल तर सेट दुकानात आणा. बाजाराच्या दिवशी आलात तरी चालेल, मेकॅनिकभाऊंनाही सोबत आणा. तुमच्यासमोर जोडून देतो, पैसे घेणार नाही. तोपर्यंत प्रार्थनेला जुनाच सेट लावा.