डोमेनमध्ये कीवर्ड घातला की साइट वर येते? त्या फिरणाऱ्या मेसेजला एकेक करून उत्तर

एक मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय, वेबसाइट काढायच्या विचारात असलेल्या बहुतेकांना तो कुणीतरी पाठवलेला असणारच. त्यात म्हटलंय की गूगलवर वर यायचं तर सगळा खेळ डोमेनच्या, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या, नावाचा आहे: नावात कीवर्ड, म्हणजे लोक सर्चमध्ये टाकतात ते शब्द, घ्या, डॉट कॉमच घ्या, जमलं तर एक्स्पायर झालेलं जुनं डोमेन शोधून घ्या, एकदम दहा वर्षांसाठी रजिस्टर करा, आणि नावात डॅश चुकूनही नको. मी साइट बनवून द्यायचं काम करतो आणि हा मेसेज वाचून आलेली माणसं मला सारखी भेटतात. महागडं नाव घेऊन झालेलं असतं, पण पानांवर टाकायला धड मजकूर नसतो, फोटो नसतात, आणि ते करून घ्यायला पैसेही उरलेले नसतात. फार वाईट वाटतं हे बघून, म्हणून एकदा नीट बसून लिहितोय.

सुरुवात सगळ्यात मोठ्या दाव्यापासून, की नावात कीवर्ड असला की रँकिंग, म्हणजे सर्चमध्ये वरचा नंबर, मिळतं. यात एकेकाळी बरंच तथ्य होतं हे आधी कबूल करतो. २०१० च्या आसपास लोक जे शब्द सर्च करायचे तेच जोडून डोमेन घ्यायचं, त्यावर कशीबशी चार पानं टाकायची, आणि साइट वर दिसायची. याला एक्झॅक्ट मॅच डोमेन म्हणतात आणि अशा नावांची तेव्हा जोरात खरेदी-विक्री चालायची. मग तक्रारी वाढल्या. २०११ मध्ये गूगलच्या वेबस्पॅम, म्हणजे फसव्या साइट गाळणाऱ्या, टीमचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी एका व्हिडिओत सांगितलं की डोमेनमधल्या कीवर्डला मिळणारं वजन थोडं कमी करायचा विचार चाललाय, आणि सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनीच जाहीर केलं की हलक्या दर्जाच्या एक्झॅक्ट मॅच डोमेनना खाली आणणारा बदल येतोय, अमेरिकेतल्या इंग्लिश सर्चपैकी साधारण ०.६ टक्के सर्चमध्ये तो जाणवेल. म्हणजे मेसेजमधली युक्ती दहा वर्षांपेक्षा जास्त जुनी आहे आणि तेव्हाच तिचा दम निघालाय. २०२४ मध्ये गूगलने आपली एसईओची (सर्चमध्ये साइट नीट दिसावी म्हणून काय करायचं याची) स्टार्टर गाइड नव्याने लिहिली, त्यात कोणत्या गोष्टींवर वेळ घालवू नका याची एक यादी आहे आणि डोमेनमधले कीवर्ड त्या यादीत आहेत, त्यांचा जवळजवळ काहीच परिणाम होत नाही असं तिथे सरळ लिहिलंय.

यावर लगेच उत्तर येतं की अहो पण मी स्वतः सर्च केलं, कीवर्डवाल्या साइटच वर दिसतात. दिसतात ना, काही दिसतात. पण त्या का दिसतात ते बघा. अशी नावं पहिल्यांदा ज्यांनी घेतली ते बरेचदा त्या धंद्यात सगळ्यात आधी ऑनलाइन आलेले लोक होते, पंधरा-वीस वर्षं त्यांनी साइट चालवलीय, शेकडो ठिकाणांहून त्यांना लिंक मिळाल्यात. दुसरं, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, लिंक देताना माणसं साइटचं नावच लिहितात. तुमचं नावच 'रनिंग शूज' असेल तर लिंकवर आपोआप 'रनिंग शूज' हे शब्द येतात, यालाच अँकर टेक्स्ट म्हणतात, आणि समोरचं पान कशाबद्दल आहे हे समजायला गूगल तो वापरतं. तर फायदा होतो तो त्या लिंकमधून. नुसतं नाव घेऊन बसलात आणि कुणी लिंकच दिली नाही तर हा रस्ता बंदच. आणि आज नवीन माणसाला लिंक मिळते ती पानावर काहीतरी कामाचं असल्यामुळे, तशी लिंक 'निळाकावळा' असल्या भलत्याच नावाच्या साइटलाही मिळू शकते.

उलट कीवर्डवाल्या नावाचा एक तोटा कुणी सांगतच नाही. समजा साइटचं नाव आहे 'स्वस्त शूज ऑनलाइन'. एखाद्या गिऱ्हाइकाला तुम्ही आवडलात, त्याने पुढच्या वेळी तुमचं नाव आठवून सर्चमध्ये टाइप केलं. गूगलला काय कळणार? त्याला वाटतं या माणसाला ऑनलाइन स्वस्त शूज हवेत, आणि तो तुमच्यासकट शंभर जणांना दाखवतो, बहुतेक वेळा मोठ्या कंपन्या वर. म्हणजे स्वतःच्याच नावासाठी तुम्हाला सगळ्यांशी भांडावं लागतं. तेच नाव वेगळं असेल तर ते टाइप केल्यावर दुसरं कोण येणार? अमेझॉनच्या नावात पुस्तक नाही, विकिपीडियाच्या डोमेनमध्ये लोक शोधतात तो एकही शब्द नाही, तरी पहिल्या पानावर सगळ्यात जास्त कोण भेटतं ते तुम्हीच बघा. आणि उद्या शूजबरोबर बॅगा विकायच्या झाल्या तर त्या नावाचं काय करणार हाही प्रश्न आहेच.

मे २०२४ मध्ये गूगल सर्चची काही आतली कागदपत्रं बाहेर आली होती, त्यात 'एक्झॅक्ट मॅच डोमेन डिमोशन' अशा अर्थाचं एक फील्ड, म्हणजे माहितीचा रकाना, आहे. त्या कागदांत कशाला किती वजन हे दिलेलं नाही, त्यामुळे त्यावरून फार मोठे निष्कर्ष मी काढणार नाही, पण ज्या फील्डच्या नावातच खाली ढकलणं आहे ते कीवर्ड-डोमेनच्या बाजूचा पुरावा म्हणून तरी कुणी वापरू नये.

आता डॉट कॉम. २०१५ मध्ये गूगलच्या जॉन म्यूलर यांनी यावर सविस्तर लिहिलं होतं: नवीन एक्स्टेन्शन (नावाच्या शेवटचा डॉटनंतरचा भाग) आणि डॉट कॉम यांना सर्चमध्ये सारखंच वागवलं जातं, आणि एक्स्टेन्शनमध्येच कीवर्ड असला, म्हणजे डॉट शूज वगैरे, तरी त्याचा ना फायदा ना तोटा. त्याच वर्षी गूगलची स्वतःची पेरेंट कंपनी अल्फाबेट डॉट एक्सवायझेडवर आली. देशांची एक्स्टेन्शन मात्र वेगळी गोष्ट आहे, डॉट डीई म्हटलं की जर्मनी, डॉट एफआर म्हटलं की फ्रान्स, यावरून गूगल समजतं की साइट कुठल्या देशातल्या लोकांसाठी आहे. हा सिग्नल चांगला जोरदार आहे. त्यातही डॉट आयओ, डॉट सीओ, डॉट टीव्ही, डॉट एमई ही कागदोपत्री देशांची असली तरी सगळं जग वापरतं म्हणून गूगल त्यांना जनरल धरतं, आणि २०२३ पासून डॉट एआय पण त्यात आलंय.

डॉट कॉममध्ये एक खरा मुद्दा आहे आणि तो माणसांचा आहे. लोकांच्या बोटांना डॉट कॉमची सवय झालीय. अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीने २०११ मध्ये स्वतःचं नाव छोटं करून ओ डॉट सीओ असं चालवायला घेतलं, जाहिराती केल्या, आणि लोक ओ डॉट कॉम टाइप करायला लागले, शेवटी काही महिन्यांत कंपनी जुन्या नावाकडे वळली. तेव्हा डॉट कॉम मिळत असेल तर जरूर घ्या. पण मिळत नाही म्हणून मूळ चांगलं नाव सोडून त्याच्या मागेपुढे चार शब्द चिकटवून डॉट कॉम घेणं मला पटत नाही. हां, काही अगदी स्वस्त एक्स्टेन्शन स्पॅमवाल्यांनी इतकी वापरलीत की ईमेल फिल्टर आणि माणसं दोघंही त्यांच्याकडे संशयाने बघतात, ती टाळलेली बरी.

जुन्या डोमेनचा दावा सगळ्यात धोक्याचा आहे. वयाबद्दल म्यूलर यांनी २०१९ मध्ये एका ओळीत सांगितलंय की डोमेनचं वय कशालाही मदत करत नाही. जुनी साइट वर असते ती तिथे इतकी वर्षं काम झालंय म्हणून. तुम्ही एक्स्पायर झालेलं नाव उचललं तर ते काम तुमच्याबरोबर येत नाही, आधीच्या मालकाची पापं मात्र येऊ शकतात. मी स्वतः यात पोळलोय. एका क्लायंटसाठी असंच एक जुनं नाव घेतलं, वरवर स्वच्छ दिसत होतं, लिंकाही बऱ्याच होत्या, आणि साइट चढवून तीन महिने झाले तरी काही हलेना. मग इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी पानं उघडली तर मधली दोन वर्षं त्यावर जुगाराची पानं होती, आणि त्या सगळ्या लिंका तिथल्याच. हे मी घ्यायच्या आधी बघायला हवं होतं, क्लायंटचा वेळ गेला आणि मला त्याला तोंड दाखवायला जड गेलं. त्यात मार्च २०२४ मध्ये गूगलने स्पॅमच्या नियमांत एक्स्पायर्ड डोमेन अब्यूज, म्हणजे जुन्या डोमेनचा गैरवापर, नावाचा वेगळा नियमच आणलाय. एखाद्या जुन्या शाळेच्या साइटचं डोमेन घेऊन त्यावर कॅसिनोची पानं टाकणं, असली उदाहरणं त्यांनीच दिलीत. जुनं नाव घेऊन प्रामाणिकपणे नवीन काहीतरी चालवणं यात बसत नाही, पण रँकिंगसाठी म्हणून जुनं डोमेन घ्या हा सल्ला म्हणजे नियमात जे नको म्हटलंय तेच करा असा आहे.

दहा वर्षांचं रजिस्ट्रेशन ही गोष्ट कुठून आली? गूगलने २००३ मध्ये एक पेटंट अर्ज केला होता, तो २००५ मध्ये सगळ्यांना वाचायला मिळाला. त्यात एक वाक्य होतं की चांगली डोमेन बरेचदा अनेक वर्षांसाठी आधीच पैसे भरून घेतलेली असतात आणि फसवी क्वचितच वर्षभरापेक्षा जास्त वापरली जातात. झालं, तिथून ही गोष्ट सुरू झाली. पेटंटमध्ये लिहिलेली प्रत्येक कल्पना वापरात येतेच असं नसतं, आणि खुद्द कट्स यांनी नंतर लोकांना याची काळजी करू नका म्हणून सांगितलं होतं. जास्त वर्षांसाठी घ्यायचं असेल तर रिन्यू करायला विसरू नये म्हणून घ्या, हे कारण मला शंभर टक्के मान्य आहे, कारण डोमेन हातातून गेलं तर सगळंच गेलं. पण ऑटो-रिन्यू लावून आणि रजिस्ट्रारकडे, म्हणजे जिथून डोमेन घेतलं त्या कंपनीकडे, चालू ईमेल देऊनही तेच काम होतं.

डॅशचं थोडक्यात. डॅश आहे म्हणून गूगल दंड करत नाही. फोनवर नाव सांगताना त्रास होतो आणि तीन-चार डॅश असलेलं नाव बघून माणूस बिचकतो, एवढंच. बिंग या दुसऱ्या सर्च इंजिनने २०१४ मध्ये सांगितलं होतं की पत्त्यात कीवर्ड कोंबणाऱ्या साइट ओळखून गाळायला त्यांनी फिल्टर लावलाय. तिथे त्रास डॅशचा नाही, कीवर्ड कोंबण्याचा आहे, तेव्हा मेसेज लिहिणाऱ्याने डॅशच्या ओळीबरोबर स्वतःचा पहिला, कीवर्डचा मुद्दाही परत वाचावा.

आता ज्यांची साइट आधीच चालू आहे आणि हा मेसेज वाचून जे कीवर्डवालं नवीन डोमेन घेऊन तिकडे जायच्या तयारीत आहेत त्यांच्यासाठी, कृपया थांबा. डोमेनमुळे रँकिंग खरंच हलतं ते इथे, नाव बदलताना, आणि बहुतेकदा खालीच हलतं, निदान काही काळ तरी. आणि ज्यांनी उडी मारलीच आहे त्यांनी जुन्या प्रत्येक पानावरून नवीन जागच्या त्याच पानावर ३०१ रिडायरेक्ट (येणाऱ्याला कायमचं नवीन पत्त्यावर पाठवणारी सोय) लावा, सगळं उचलून होमपेजवर पाठवू नका, गूगलच्या सर्च कन्सोल या साइट-मालकांसाठीच्या टूलमध्ये चेंज ऑफ अॅड्रेस भरा, रिडायरेक्ट निदान वर्षभर चालू ठेवा, आणि जुनं डोमेन सोडू नका, रिन्यू करत राहा, नाहीतर तुमचं सोडलेलं नाव असाच दुसरा मेसेज वाचलेला कुणीतरी उचलेल.