रात्री आलेला पेशंट की रात्री हलवलेला पेशंट?

"रात्री अॅडमिट केलं ना, तिथेच चुकलं, दिवसा नेलं असतं तर वाचले असते." आयसीयूबाहेरच्या बाकड्यांवर हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय आणि माणसं ते आयुष्यभर मनाला लावून घेतात, म्हणून आज लिहितेय. सिस्टर म्हणून आयसीयूत नाइट ड्युट्या करत आलेय, आणि नुसत्या रात्रीला दोष देणं मला पटत नाही.

२०१० मध्ये आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून तपासले गेले. रात्रीच्या अॅडमिशनमुळे मृत्यू वाढतात असं त्यात निघालं नाही, शनिवार-रविवारी मात्र धोका थोडा जास्त दिसला. पुढे पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या हॉस्पिटलने आयसीयूचे तज्ज्ञ डॉक्टर काही रात्री तिथेच थांबवले, काही रात्री फोनवर ठेवले. २०१३ ला निकाल आला, १,५९८ पेशंट, मृत्यूंमध्ये फरक नाही. अर्थात तिथे रेसिडेंट, म्हणजे शिकाऊ डॉक्टर, रात्रभर हजर होते आणि दिवसाची टीम भक्कम होती. जिथे दिवसाच तज्ज्ञांचं लक्ष कमी पडतं तिथे रात्री तज्ज्ञ असल्याचा फायदा दिसलाय, हेही खरं.

मग माणसं दगावतात कशाने? माझं स्पष्ट मत, गर्दीने आणि ताटकळण्याने.

आयसीयू फुल्ल असतं तेव्हा पेशंट इमर्जन्सीतच पडून राहतो. सेप्सिस, म्हणजे इन्फेक्शनमुळे अवयव बिघडायला लागलेले, असेल तर अँटिबायोटिक, बीपीची औषधं, श्वासाची मदत सगळंच घड्याळाशी बांधलेलं असतं, आणि इमर्जन्सीतल्या सिस्टरकडे त्याच वेळी बाकीचे दहा जण असतात. अमेरिकेतल्या पन्नास हजारांवर पेशंटचा एक अभ्यास २००७ चा आहे, बेडसाठी सहा तासांपेक्षा जास्त थांबावं लागलेल्यांमध्ये आयसीयूतले मृत्यू १०.७ टक्के, लवकर आयसीयूत पोचलेल्यांमध्ये ८.४. आज सेप्सिसच्या गाईडलाइन्स सहा तासांच्या आत आयसीयूत न्या म्हणतात.

बरं, बेड मिळाला म्हणजे झालं असंही नाही. व्हेंटिलेटरवरचे दोन पेशंट एका सिस्टरकडे असतात तेव्हाच जीव मेटाकुटीला येतो, त्यात तिसरा आला की काय होतं सांगते. एका बेडवर ट्यूबमध्ये कफ अडकलाय, सक्शन चालू आहे, ते अर्धवट सोडता येत नाही, आणि पलीकडच्या बेडवर बीपी टिकवणाऱ्या औषधाची सिरिंज संपत आल्याचा अलार्म वाजतोय. ती संपली तर एक-दोन मिनिटांत बीपी कोसळतं. अशा वेळी पलीकडे धावायला दुसरं माणूस लागतं. १९५२ ला कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली तेव्हा मेडिकलचे विद्यार्थी शिफ्ट लावून, रात्रंदिवस हाताने पिशवी दाबून पेशंटना श्वास देत होते आणि त्याने मृत्यू झपाट्याने खाली आले, आयसीयूची सुरुवातच तिथून झाली. म्हणून नवीन मशीन आल्याचे फोटो बघते तेव्हा मला पहिला प्रश्न पडतो, रात्री त्याच्याजवळ उभं कोण राहणार?

आणि ज्याबद्दल कोणी बोलत नाही ते म्हणजे रात्री आयसीयूतून बाहेर काढलेला पेशंट. ब्रिटनमधल्या आयसीयूंचा अभ्यास २००० साली आला, रात्री वॉर्डला पाठवण्याचं प्रमाण दहाएक वर्षांत २.७ वरून ६ टक्क्यांवर गेलं होतं आणि या पेशंटमध्ये पुढे मृत्यू जास्त होते. कारण उघड आहे, नवीन सिरियस पेशंट आला, बेड हवाय, मग त्यातल्या त्यात बरा कोण ते बघून त्याला हलवायचं. बरा झाला म्हणून नव्हे, जागा हवी म्हणून. आणि वॉर्डमध्ये रात्री स्टाफ आणखीच कमी.

त्यामुळे मध्यरात्री "तुमच्या पेशंटला वॉर्डला हलवतोय" असं सांगितलं तर भांडू नका, पण विचारा जरूर. आत्ताच का? सकाळपर्यंत थांबता येईल का? वॉर्डमध्ये बीपी, ऑक्सिजन, श्वास किती वेळाने बघणार, आणि बिघडलं तर कोणाला बोलवायचं? हॉस्पिटल चालवणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच की कोणाला बाहेर हलवता येईल ते दुपारच्या राउंडलाच ठरवा आणि संध्याकाळच्या आत हलवा, आणि रात्रीसाठी एक बेड आणि एक जास्तीची सिस्टर राखून ठेवा, तो बेड रिकामा दिसला तरी.